परदेशी जाण्याआधीची भटकंती : पाच महिने आहेत, यादीत काय ठेवू, काय सोडू?

सोनकी | १७ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय जरा, सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीची, स्टाफ नर्स आहे. दीड वर्ष ड्युटी सांभाळून जर्मन शिकले, मे महिन्यात बी-टू पास झाले आणि आता स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलचं काँट्रॅक्ट आलंय. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निघायचं. तीन वर्षं तरी नक्की, आणि पहिलं दीड वर्ष घरी यायला जमेल असं वाटत नाही कारण आधी तिथली मान्यतेची परीक्षा वगैरे आहे.

आनंद आहेच, पण परवा नाईट संपवून कल्याणला उतरले तर मुरबाडच्या बाजूचे डोंगर पावसात धुतल्यासारखे स्वच्छ दिसत होते आणि एकदम पोटात खड्डा पडला. गेली पाच वर्षं मी "पुढच्या पावसाळ्यात जाऊ, पुढच्या हिवाळ्यात जाऊ" करत राहिले, आणि आता पुढचा म्हणायला एकच हिवाळा उरलाय. म्हणून रात्री बसून वहीत यादी केली.

हरिश्चंद्रगड, तोही नळीच्या वाटेने. राजगड-तोरणा. अलंग-मदन-कुलंग. सांदण दरी. लिंगाणा बघायला रायलिंग पठार. वासोटा. नाणेघाट. कळसूबाई. कासची फुलं. तारकर्लीला स्कुबा. कोलाडला राफ्टिंग. राजमाचीचे काजवे. वेळासची कासवं. कोकणात सायकल. आणि एक हिमालयातला ट्रेक, कुठलाही.

माझा अनुभव म्हणाल तर लोहगड, हरिहर, पेब, राजमाची असे दहाबारा झालेत, दोरावरचं काहीच केलेलं नाही. सुट्टी आठवड्यातून एक, कधी जोडून दोन, पण बहुतेक वेळा मधल्या वारी मिळते. डिसेंबरअखेर नोकरी सोडतेय. यातलं काय जमण्यासारखं आहे ते मोकळेपणाने सांगा.

घाटवाट | १८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

अभिनंदन! आणि मधल्या वारी सुट्टी मिळते हे तुझं सगळ्यात मोठं भांडवल आहे. रविवारी नाणेघाटात पाय ठेवायला जागा नसते, बुधवारी तोच घाट रिकामा असतो.

यादी छान आहे पण ती नावांनी केलीयेस, ती महिन्यांनी कर. काजवे मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, पाऊस लागला की संपलं, म्हणजे ते यंदा गेले. वेळासची पिल्लं फेब्रुवारी अखेर ते एप्रिल, तोवर तू तिकडे. हे दोन्ही आत्ताच काढून टाक, उगाच जीव अडकायला नको.

पाऊस आहे तोवर नाणेघाट. सप्टेंबरात कास, ऑनलाइन बुकिंग करूनच जा. वासोट्याची बोट पावसाळ्यात बंद असते, नंतर वनखात्याची परवानगी काढून बामणोलीहून जायचं आणि संध्याकाळच्या आत परत, गडावर मुक्काम करता येत नाही. सांदण दरीत पावसाळ्यात चुकूनही नाही. ती मुळात पाणी जायची वाट आहे, वर कुठेतरी पाऊस पडला तर आतल्या माणसाला पळायला जागा नाही. डिसेंबरात जा. नळीची वाट पहिल्यांदा जाणाऱ्याने आणि त्यातही ओल्या कातळावर अजिबात नाही. हरिश्चंद्रगड बघायचाय ना, मग पाचनईहून चढ, सोपी वाट आहे, आणि शेवटी कोकणकडा तोच आहे.

किल्लेदार_पुणे | १८ ऑगस्ट, दुपारी १:२०

घाटवाट यांना अनुमोदन, फक्त राजगड-तोरणा काढू नकोस. मी ती डोंगरधार चार वेळा केलीय. वेल्ह्याहून पहाटे तोरणा चढायचा, बुधला माचीवरून उतरून धारेला लागायचं आणि संध्याकाळी संजीवनी माचीवरून राजगडात शिरायचं. दिवसभर ज्या गडाकडे बघत चालतो त्याच्या पोटात शेवटी आपण असतो. जुलैमध्ये आपले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्यात राजगड आहे, साल्हेर आहे, अगदी तमिळनाडूतला जिंजीसुद्धा आहे, तेव्हा तिकडे कुणी विचारलं तर सांगायलाही बरं.

मात्र राजगडाच्या मुक्कामावर पुरातत्त्व खात्याचे निर्बंध आलेत, निघण्याआधी पायथ्याच्या गुंजवणे गावात फोन करून विचारून घे.

हिमकण | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४८

बाकी काहीही काढ, हिमालय ठेव. डिसेंबरात केदारकंठा कर. साडेबारा हजार फूट, पहिल्यांदा बर्फ बघणाऱ्यासाठी याहून चांगला ट्रेक नाही, डेहराडूनहून एक दिवसात सांकरी गाव, तिथून चालायला सुरुवात. प्रवास धरून आठनऊ दिवस काढ. पहाटे माथ्यावर उजेड फुटतो ना, तेव्हा आजूबाजूला नुसती बर्फाची शिखरं. मी रडलो होतो तिथे, खरंच.

नेकारकाठ | १९ ऑगस्ट, रात्री १२:५५

सोनकी, मी सहा वर्षं स्टुटगार्टमध्ये आहे, मूळची सांगलीची. तुझं पोस्ट वाचून झोप लागेना म्हणून उठून लिहितेय.

हिमकण यांच्याबद्दल आदर आहे, पण बर्फासाठी डिसेंबरातले नऊ दिवस तिकडे घालवू नकोस. बर्फ तुला इथे मिळेल, पोटभर मिळेल. आल्प्स इथून ट्रेनने काही तासांवर. इथली अल्पाइन संघटना १८६९ सालची आहे, वर्गणी भरून सभासद झालं की त्यांच्या डोंगरातल्या झोपड्यांमध्ये स्वस्तात मुक्काम करता येतो. वाटांवर दर फाट्याला पाट्या, किती तास लागतील ते लिहिलेलं. इथल्या आमच्या राज्यातलं, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमधलं, सगळ्यात उंच टोक म्हणजे फेल्डबर्ग, १४९३ मीटर. आपली कळसूबाई १६४६. आल्या आल्या इथल्या सहकाऱ्यांना हे सांग, त्यांना फार नवल वाटतं.

आणि गडांची सवय असेल तर श्वेबिश आल्ब, म्हणजे स्टुटगार्टजवळची डोंगररांग, तुला लगेच आवडेल. पठार संपतं तिथे एकदम कडा तुटलेला, त्यावर पडके किल्ले, अगदी घाटमाथ्यावर उभं राहिल्यासारखं. फक्त दगड पांढरा, चुनखडीचा. पहिल्या वर्षी मी तिथल्या एका बुरुजावर बसले होते, सगळं होतं आणि काहीतरी नव्हतं, कळायला वेळ लागला. वास नव्हता. ओल्या कातळाचा, शेणाचा, चुलीच्या धुराचा, कशाचाच नाही.

म्हणून मला विचारशील तर यादीतल्या प्रत्येक नावापुढे लिही, हे तिथे मिळेल का. डोंगर मिळेल. बर्फ, सायकलच्या वाटा, राफ्टिंग, दोरावरची चढाई, सगळं मिळेल आणि शिकवणारी माणसंही मिळतील. घाटातला पाऊस मिळणार नाही. कोमट समुद्र नाही. अनोळखी घरात "बसा, भाकरी टाकते" म्हणणारी मावशी मिळणार नाही. आणि आईबाबा.

मी निघण्याआधी दोन महिन्यांत सात गड केले, सगळे मित्रांबरोबर. आईला खिद्रापूरचं कोपेश्वर दाखवायचं राहिलं, घरापासून कितीसं लांब. ती आता चालत नाही फारशी.

सोनकी | १९ ऑगस्ट, सकाळी ९:३०

नेकारकाठ ताई, ड्युटीवर चेंजिंग रूममध्ये वाचलं हे. काय लिहू कळत नाहीये. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

देवगिरी | १९ ऑगस्ट, सकाळी ११:१२

एक सावधगिरीची गोष्ट, माझ्यावर बेतलेली. कॅनडाला निघायच्या अठरा दिवस आधी एका ग्रुपबरोबर गडावर गेलो. सत्तरच्या वर माणसं आणि लीडर दोन. उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, मागून कुणीतरी घसरत आलं, त्याला धरायला वळलो आणि घोटा मोडला. प्लास्टर, तिकीट रद्द, जॉइनिंग तीन महिने पुढे, आणि त्या तीन महिन्यांत घरात जी काळजी होती ती आठवली की अजून वाईट वाटतं.

तेव्हा अलंग-मदन-कुलंग काढून टाक. ते दोराचं काम आहे, अनुभव नसताना घाईत करायचं नाही. आणि शेवटच्या महिन्यात चढाईचं काहीच ठेवू नकोस, सपाटीवरचं ठेव. ग्रुपबरोबर जाणारच असशील तर माणसं किती आणि लीडर किती हे आधी विचार. धनुर्वाताचं इंजेक्शन तू मला सांगावंस, मी तुला काय सांगणार. पासपोर्ट सॅकमध्ये घेऊन कुठे जाऊ नकोस. बस.

सोनकी | १९ ऑगस्ट, रात्री १०:१५

घरी येऊन वही काढली आणि ताईंनी सांगितलं तसं प्रत्येकापुढे लिहीत गेले. हिमालय गेला. राफ्टिंग गेलं. अ-म-कु गेलं, त्याचं जरा वाईट वाटलं पण देवगिरी दादा म्हणतात ते पटलं.

कळसूबाईपाशी थांबले. यादीत ती मी अशीच लिहिली होती, सर्वात उंच म्हणून. पण माझे बाबा मूळचे अकोले तालुक्यातले. लहानपणी नवरात्रात गावातल्या सगळ्यांबरोबर कळसूबाईला जायचे, आजी ओटी घेऊन पुढे आणि ही पोरं मागे. नोकरीसाठी मुंबईला आले, वायरमन म्हणून आयुष्य खांबांवर चढण्यात गेलं, गेल्या वर्षी गुडघ्याचं दुखणं सुरू झालं. वय ६६. तीसेक वर्षांत ते वर गेलेले नाहीत. आज जेवताना सहज विषय काढला तर म्हणाले, "मी आता कसला येतो, तू जा मैत्रिणींबरोबर", आणि मग अर्धा तास तिथलंच सांगत बसले.

त्यांना नेणं वेडेपणा होईल का? मी स्वतः नर्स असून मला ठरवता येत नाहीये, कारण माणूस आपला आहे.

प्रवरा | २० ऑगस्ट, सकाळी ६:३०

ताई, आम्ही राजूरचे. बाबांना घेऊन या, वेडेपणा काही नाही. आमच्याकडे सत्तरीच्या आज्या अजून नवरात्रात अनवाणी चढतात. पण त्यांचं रोजचं चालणं आहे आणि बाबांचं सुटलंय, हे लक्षात ठेवून तयारी करा. अजून महिना आहे. आजपासून रोज जिने. चढायचे कमी आणि उतरायचे जास्त, कारण गुडघा उतरताना बोलतो.

बारी गावातून चढा. आदल्या रात्रीच गावात मुक्कामाला या, पहाटे पाचला निघा म्हणजे ऊन चढायच्या आत बराच टप्पा होतो. अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत, पायऱ्या पावसात निसरड्या होतात, कठडा धरूनच चढायचं. दोन काठ्या घ्या, एक नाही, दोन. वाटेत झाप, म्हणजे झोपड्या, आहेत, चहा, लिंबू सरबत मिळतं, प्रत्येक झापाशी बसवा त्यांना, त्यांनी नको म्हटलं तरी. वाटाड्या म्हणून गावातला एक पोरगा सोबत घ्या, तो बाबांच्या मागे राहील आणि तुम्ही पुढे राहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पायथ्यालगतच्या टेकाडावर पण देवीचं देऊळ आहे, ज्यांना वर जाणं होत नाही ते तिथे ओटी भरतात. बाबांना आधीच सांगून ठेवा की तिथे भरली तरी देवीला पोचते. म्हणजे वर जायचंच असा हट्ट राहत नाही आणि माणूस मनाने मोकळा चढतो.

घाटवाट | २० ऑगस्ट, सकाळी ८:००

प्रवरा, याच्यापुढे काही लिहायचं राहिलं नाही. +१

फेरीबोट | २० ऑगस्ट, रात्री ९:४४

मी चिपळूणचा, सायकलवाला. तुझ्या यादीत "कोकणात सायकल" एवढंच आहे, त्यात जरा भर घालतो कारण हे खरंच दुसरीकडे कुठे नाही.

हायवेने येऊच नकोस. खेडला ट्रेनने उतर, सायकल ब्रेक व्हॅनमध्ये बुक करून आणता येते, दापोलीला मुक्काम. पहिल्या दिवशी दापोली-दाभोळ, दाभोळला फेरीबोटीत सायकल घालून खाडी ओलांडायची, पलीकडे धोपावे, तिथून गुहागर. दुसऱ्या दिवशी पालशेत, हेदवी करत तवसाळ, परत फेरीबोट, पलीकडे जयगड. मग मालगुंड, गणपतीपुळे. तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या समुद्राकडेच्या रस्त्याने रत्नागिरी आणि तिथून ट्रेन. नकाशावर अंतर कमी दिसतं म्हणून फसू नकोस, प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि पलीकडे तेवढंच पुन्हा चढायचं, दम निघतो. कुठेही चढ झेपला नाही तर उतरून ढकल, काही बिघडत नाही.

फेरीबोटीत एक दहा-पंधरा मिनिटं मिळतात. इंजिनाची थरथर, पायाखाली डिझेलचा वास, एखादी मासळीवाली टोपली घेऊन शेजारी बसलेली. माझ्यासाठी अख्ख्या राइडमधला सगळ्यात सुंदर वेळ तो.

डिसेंबरात ये. फ्रेम, गिअर सांग, टायर मी बघून सांगतो.

हिमकण | २१ ऑगस्ट, दुपारी २:१०

माझा हट्ट मागे घेतो. नेकारकाठ यांचं वाचून रविवारी आईला घेऊन माळशेजला जायचं ठरवलंय, तिला कित्येक वर्षांत पाऊस खिडकीतूनच बघायला मिळालाय.

सोनकी | २३ ऑगस्ट, रात्री ११:००

यादी पुन्हा लिहिली. पाच गोष्टी राहिल्या.

नाणेघाट, पुढच्या आठवड्यातच. कळसूबाई बाबांबरोबर, नवरात्रात. हरिश्चंद्रगड ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाचनईहून. सांदण डिसेंबरच्या सुरुवातीला, दोरावरचं न करता जिथवर चालत जाता येतं तिथवर. आणि डिसेंबरअखेर कोकणात सायकल, तेही देवगिरी दादांची परवानगी असेल तर. राजगड-तोरण्याबद्दल किल्लेदार, तुमची माफी मागते. एका गडाला नाही म्हणणं इतकं जड जातं हे माहीत नव्हतं.

किल्लेदार_पुणे | २४ ऑगस्ट, सकाळी १०:०५

माफी कसली. राजगड साडेतीनशे वर्षं उभा आहे, तू येईपर्यंत कुठे जात नाही. परत आलीस की मी घेऊन जातो, शब्द.

सोनकी | ३० ऑगस्ट, रात्री ८:२०

नाणेघाट झाला! बुधवारी गेलो, मी आणि एक मैत्रीण. कल्याणहून आळेफाट्याची एसटी, वैशाखरे सोडलं की रस्त्यालाच पाटी आहे तिथे उतरलो. वर पोचायला तीन तास लागले, शेवटचा टप्पा तर वाट कसली, वाहत्या ओढ्यातूनच चढत होतो.

गुहेत शिरलो तेव्हा बाहेर धुवांधार. भिंतीवरचा ब्राह्मी लेख मोबाईलच्या टॉर्चने बघितला. नागणिका राणीचा लेख एवढं माहीत होतं, पण एक गोष्ट माहीत नव्हती. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या, त्या सगळ्या गेल्यात, उरलेत ते नुसते पाय आणि वर कोरलेली नावं. मैत्रीण म्हणाली, दोन हजार वर्षांनी पाय राहिले बघ. मी त्या पावलांशेजारी माझे चिखलाचे बूट ठेवून किती वेळ उभी होते. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण पावसाने काठोकाठ भरला होता.

वर पठारावर उलटा धबधबा मिळाला, खाली पडणारं पाणी वाऱ्याने उलटं आमच्याच तोंडावर. ते बघायला कठड्याच्या पलीकडे जायची काहीही गरज नाही, दोन मुलं जात होती, त्यांना हाक मारून मागे बोलावलं.

बाबा रोज चौथ्या मजल्यापर्यंत दोनदा. कालपासून तीनदा.

प्रवरा | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:५०

उतरताना लिफ्ट घेत नाहीत ना? विचारून ठेवा.

सोनकी | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:१५

विचारलं. घेत होते! आता बंद.

सोनकी | २८ सप्टेंबर, दुपारी ४:००

कळसूबाई. चार दिवस झाले, लिहायला आत्ता बसतेय.

तिसऱ्या माळेला गेलो. आदल्या दिवशी कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटीवरून बारी. प्रवरा दादांनी सांगितलेल्या घरी उतरलो, मावशींनी नागलीच्या भाकरी आणि उडदाचं आमटीसारखं कालवण वाढलं, बाबांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, घरी दीडच्या वर खात नाहीत. आणि बोलायला लागले ते थेट तिथल्या बोलीत. तीस वर्षं मी त्यांना डोंबिवलीचं मराठी बोलताना ऐकलंय, माझ्यासमोर एक वेगळाच माणूस बसला होता.

पहाटे पाचला निघालो. धुकं इतकं की पुढचा माणूस दिसेना, बारीक पाऊस. टेकाडावरच्या देवळाशी पोचल्यावर मी ठरल्याप्रमाणे विचारलं, ओटी इथे भरायची का? त्यांनी वर बघितलं, वर काहीच दिसत नव्हतं, तरी म्हणाले, "आईने कधी इथे भरली नाही."

मग पावलापावलाने. पहिल्या शिडीशी थांबले. कठड्याची लोखंडी नळी गार पडली होती, त्यांनी खिशातून रुमाल काढून तळहाताला गुंडाळला आणि मग धरला, खांबावर चढताना हात कसा धरायचा ते हाताला अजून आठवत होतं. शिडीच्या बाजूला कातळात जुनी साखळी आहे, ती मला दाखवून म्हणाले, "आम्ही हिच्यावरून." मी खाली बघितलं आणि माझे पाय गळाले. आठ-नऊ वर्षांची पोरं त्या साखळीवरून जायची.

दोन झाप सोडून तिसऱ्याशी गुडघा धरला. अर्धा तास बसलो. मी बांधलं, गोळी दिली, आणि खरं सांगते, तिथे मी मनातून परत फिरायचं ठरवलं होतं. वाटेने एक आजी आल्या, डोक्यावर परडी, बाबांकडे बघून म्हणाल्या, "कोणाचा रं तू?" बाबांनी त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आजींनी ओळखलं नाही, पण गाव ओळखलं, आणि "चल की मग, बसला काय" म्हणून पुढे गेल्या. बाबा उठले.

एरवी तीन तासांची वाट, आम्हाला साडेपाच लागले. शेवटच्या शिडीच्या आधी धुकं फाटलं आणि सगळ्या उतारावर सोनकी फुललेली, पिवळीच पिवळी. मी इथे नाव घेतलंय ते याच फुलाचं, पण एवढी एकत्र कधी बघितली नव्हती. देऊळ केवढंसं, दोघं-तिघं मावतील इतकंच. बाबांनी खण, नारळ, हिरव्या बांगड्या ठेवल्या, आजीची ओटी म्हणून एक आणि माझी म्हणून एक. मला म्हणाले, "सांग तिला कुठे चाललीस ते." मी सांगितलं.

उतरताना सहा तास. प्रत्येक पायरी तिरकी, दोन्ही काठ्या, मागे वाटाड्या पोरगा. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, बर्फाने शेकला, आज उतरलाय. रुमाल अजून खिशातच आहे, धुवायला देत नाहीत.

नेकारकाठ | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

तीनदा वाचलं. आईला फोन केला. दिवाळीला भाऊ गाडीने खिद्रापूरला नेणार आहे, देवळापर्यंत गाडी जाते. मी व्हिडिओवर असेन.

प्रवरा | २९ सप्टेंबर, सकाळी ६:१५

त्या आजी आमच्या शेजारच्या वाडीच्या. त्यांना सांगितलं तुम्ही लिहिलंय म्हणून. त्या विचारत होत्या, वर पोचला का तो.

सोनकी | १८ डिसेंबर, रात्री १०:५०

धागा वर काढतेय. व्हिसाच्या गडबडीत हरिश्चंद्रगड हुकला. नोव्हेंबरात तारीख ठरवली आणि नेमकी त्याच दिवशीची अपॉइंटमेंट मिळाली, पुढची केव्हा मिळेल भरवसा नाही म्हणून गड सोडला. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालायची होती. ते राहिलं, आणि वाईट वाटतंय ते वाटू देतेय.

सांदण मात्र झाली. साम्रद गावातून वाटाड्या घेतला, आम्ही चौघं. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या जवळ येतात की आकाशाची नुसती चिंधी दिसते. पहिल्या डोहात पाणी कमरेच्या वर, डिसेंबरातलं, श्वास अडकतो. सॅक डोक्यावर घेऊन पार झालो. पुढे सगळे धोंड्यांचे ढीग, खोलीएवढे, हातापायांनी चढत उतरत जायचं. जिथून दोर लागतो तिथे थांबलो, डबा खाल्ला आणि मागे फिरलो. संध्याकाळी साम्रदच्या कड्यावरून रतनगड, बाण सुळका आणि पलीकडे अलंग-मदन-कुलंग ओळीने उभे होते. ते बघून झालं, तेवढं पुरे.

फेरीबोट दादा, टायर ३२ चे आहेत, २६ ला खेडला उतरतेय.

फेरीबोट | १९ डिसेंबर, सकाळी ८:३०

३२ चालतील, हवा थोडी कमी ठेव, दाभोळकडचा रस्ता काही ठिकाणी उखडलाय. धोपाव्याला मी येतो, गुहागरपर्यंत सोबत करीन, पुढे तुझी तू.

देवगिरी | १९ डिसेंबर, सकाळी ९:०२

परवानगी आहे. हेल्मेट. उतारावर ब्रेक जपून, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला.

सोनकी | १४ जानेवारी, रात्री ९:३५

सगळ्यांना तिळगूळ घ्या, गोड बोला.

सायकल झाली, एक ओरखडासुद्धा न येता. जयगडच्या फेरीत एक मासळीवाली मावशी खरंच शेजारी बसली होती. विचारलं कुठे चाललीस, मी म्हटलं रत्नागिरी. मग म्हटलं, जर्मनी. ती म्हणाली, "मग खाऊन जा", आणि तवसाळहून आणलेली केळी दिली.

परवा विमान आहे. २३ किलोंच्या बॅगेत बूट बसत नाहीत म्हणून बूट पायात घालूनच जाणार, त्याचे तळ घासून धुतले, तरी खाचेत कुठेतरी लाल माती राहिलीय. नेकारकाठ ताई, पहिल्या रविवारी आल्बला नेणार म्हणालात, दिवस लहान असतो तर सकाळी किती वाजता निघायचं ते कळवा.

घाटवाट, काजवे मे अखेर ना? पहिली रजा तेव्हाची मागणार आहे, कधी मिळेल तेव्हा. बाबांनी मला न विचारताच राजमाचीला घरगुती मुक्कामाची सोय कुठे होते ते शोधून वहीत लिहून ठेवलंय. ते रोज जिने चढतायत, उतरतायतही.